८५ ग्रॅम गोळ्या आणि ‘तेव्हाची माणसं’

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये लहान असलेल्या लोकांच्या आठवणी वाचायला लागलात तर दोन गोष्टी हटकून येतात, एक म्हणजे गोळ्या-चॉकलेटं आणि दुसरी म्हणजे शेजारी. बीबीसीने २००३ ते २००६ या काळात सामान्य लोकांकडून अशा युद्धाच्या आठवणी गोळा केल्या होत्या, जवळपास ४७ हजार. बॉम्ब असतात, सायरन असतात, गॅस मास्कचा तो रबरी वास असतो, पण ही आता म्हातारी झालेली माणसं खरी रंगात येतात ती आईने मार्स बारचे सुरीने पातळ काप करून रोज एकेक कसा दिला आणि शेजारच्या बाई आपली कुपनं आपल्याला कशी द्यायच्या ते सांगताना. आणि मग शेवटी ठरलेलं वाक्य येतं, थोडक्यात सुखी होतो हो आम्ही, तेव्हाची माणसंच वेगळी होती.

आठवणींबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्या खऱ्याच आहेत, पण हे शेवटचं वाक्य मला अजिबात पटत नाही. कारण ते वाक्य आता त्या आजी-आजोबांचं राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये कुठलंही संकट आलं, खर्चकपात आली, २०२० चा कोविड आला, की लगेच कुणीतरी पुढारी उठून ‘ब्लिट्झ स्पिरिट’ची, १९४०-४१ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यांत लोकांनी दाखवलेल्या धीराची, आठवण करून देतो, म्हणजे काय तर तुमच्या आजीने सोसलं, तुम्हीही सोसा आणि कुरकुर करू नका. आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर ‘आमच्या काळी’वाले मेसेज येतात ना, तोच मामला, फक्त इथे तो सरकारी पातळीवर चालतो. माझं म्हणणं असं की त्या आठवणींतला गोडवा टंचाईतून आलेला नाहीये, तो वाटपातून आलाय, आणि वाटप जिथे नव्हतं तिथे ही वेगळी माणसं आपल्यासारखीच वागली, कधीकधी आपल्यापेक्षाही वाईट.

आधी गोळ्यांचं बघू, कारण तिथे हे अगदी स्वच्छ दिसतं. युद्ध सुरू झालं सप्टेंबर १९३९ मध्ये. ८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखर रेशनवर गेली, पण गोळ्या-चॉकलेटं गेली नाहीत, ती गेली थेट २६ जुलै १९४२ ला. म्हणजे मध्ये अडीच वर्षं अशी गेली की साखर कमी, माल कमी, पण मिठाईची विक्री मोकळी. मग जे व्हायचं तेच झालं. दुकानात माल आला की बातमी फुटायची, ज्याला वेळ आहे तो रांगेत उभा राहायचा, ज्याची आई फॅक्टरीत शिफ्टला गेलीय त्याला काही मिळायचं नाही, आणि दुकानदार चांगला माल काउंटरखाली ठेवून ओळखीच्या गिऱ्हाइकांना द्यायचा. माणसं तीच, देशप्रेम तेच, जर्मन बॉम्ब तर १९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर ५७ रात्री सलग पडत होते, तरी गोळ्यांच्या बाबतीत वशिला चालायचाच.

मग रेशन आलं. सुरुवातीला आठवड्याला २ औंस, मग थोडे दिवस ४ औंस, आणि नंतर बहुतेक काळ ३ औंस, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम, आपल्याकडचं चिक्कीचं छोटं पाकीट याहून जड भरेल. पण यातली खरी गंमत वजनात नाही. गोळ्यांसाठी रेशनबुकात वेगळी कुपनं असायची, डी आणि ई अशी अक्षरं छापलेली, आणि साखर किंवा लोण्यासारखं एकाच दुकानात नाव नोंदवायची सक्ती इथे नव्हती, कुठल्याही दुकानात जा, कुपन द्या, गोळ्या घ्या. म्हणजे आठ वर्षांचं पोरगं हातात रेशनबुक आणि नाणी घेऊन दुकानात जायचं, काचेच्या बरण्यांसमोर उभं राहून बराच वेळ विचार करायचं, दुकानदार तराजूत तोलून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा आणि कात्रीने कुपन कापून घ्यायचा. त्या पोराला दुकानदाराची मर्जी सांभाळायची गरजच राहिली नव्हती! शिवाय मोठ्यांना आणि लहानांना गोळ्यांचं रेशन सारखंच होतं. ही बाब कुणी फार बोलत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कारण मूलबाळ नसलेल्या, किंवा मुलं मोठी होऊन फौजेत गेलेल्या, किंवा गोड न खाणाऱ्या शेजारच्या बाईंच्या पुस्तकातही तीच कुपनं होती. त्यांनी ती शेजारच्या पोराला दिली आणि ६० वर्षांनंतरही त्या पोराच्या आठवणीत बाई देवमाणूस होऊन बसल्या.

आता बाईंचं मन मोठं होतंच, ते मी नाकारत नाही. पण त्यांच्याकडे द्यायला काहीतरी होतं ते कशामुळे? आणि देताना पोटात गोळा आला नाही तो कशामुळे? पुढच्या महिन्यात परत तेवढंच हक्काचं मिळणार आहे ही खात्री होती म्हणून. त्याच बाई १९४१ मध्ये रांगेत दोन तास उभ्या राहून पाव किलो टॉफी घेऊन आल्या असत्या आणि परत कधी मिळेल याचा पत्ता नसता, तर त्यांनी ती कपाटात कुलपात ठेवली असती, आणि तेही बरोबरच होतं म्हणा. हक्काचा वाटा असला की हात आखडता घ्यावा लागत नाही. दानतीचं एवढं कौतुक करणाऱ्यांनी ती दानत ज्या छापील कुपनावर उभी होती त्या कुपनाचंही थोडं करावं.

बाकी मिठाईचं म्हणाल तर तीही पूर्वीची राहिली नव्हती. चॉकलेटसाठी ताजं दूध वापरायला बंदी आली तेव्हा कॅडबरीचं डेअरी मिल्क बंद झालं आणि त्याऐवजी स्किम्ड दुधाच्या पावडरीचं ‘रेशन चॉकलेट’ आलं. किटकॅटचं लाल वेष्टन जाऊन निळं आलं, कारण आत दुधाचं चॉकलेट नव्हतं, साधं काळं होतं. पोरं वजनाचा हिशेब करून बडीशेपेच्या वासाच्या त्या बारीक कडक अनिसीड बॉल्स घ्यायची, त्या थोड्या वजनात खूप येतात आणि तोंडात विरघळायला जाम वेळ लावतात म्हणून. (या अनिसीड बॉल्सचं अजून एक प्रकरण आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३९ मध्ये जहाजाला चिकटवायचा लिंपेट माइन बनवताना स्टुअर्ट मॅक्रे आणि सेसिल क्लार्क या ब्रिटिश शोधकांना पाण्यात हळूहळू विरघळून ठराविक वेळाने स्फोट घडवेल असं काहीतरी हवं होतं, आणि ते सापडलं क्लार्कच्या पोराच्या खाऊत, मग या लोकांनी बेडफर्डच्या दुकानांतून अनिसीड बॉल्स उचलल्या.) ज्यांची कुपनं संपली ते ज्येष्ठमधाच्या काड्या चघळायचे, कोको आणि साखर बोटाने चाटायचे, आणि सरकार ‘डॉक्टर कॅरट’ नावाचं कार्टून काढून पोरांना गाजर खा म्हणून सांगायचं, काडीला गाजर लावून लॉलीपॉप म्हणून. गाजराला कोण फसतंय! पण अमेरिकन सैनिक १९४२ पासून यायला लागल्यावर त्यांच्यामागे च्युइंगम मागत धावणारी पोरं बघितली की कळतं, थोडक्यात सुखी वगैरे काही नव्हतं, मिळेल तिथून हवंच होतं.

आता शेजारी. आठवणींत सगळी गल्ली एक कुटुंब असते. कुणाचं लग्न असलं की सगळे आपापल्या वाट्याची साखर, लोणी, सुका मेवा आणून द्यायचे, वरून आयसिंगला १९४० पासून बंदी म्हणून पुठ्ठ्याचा रंगवलेला केक ठेवायचा आणि खाली खरा छोटासा. हे खरं आहे आणि छानही आहे. परसातला अँडरसन शेल्टर, म्हणजे बॉम्बपासून बचावाला जमिनीत अर्धा पुरलेला पत्र्याचा आडोसा, दोन घरांनी मिळून वापरायचा, रात्री एआरपी वॉर्डन, म्हणजे हवाई हल्ल्याच्या बंदोबस्तावरचा माणूस, दारोदार फिरायचा, त्याला कुठल्या घरात कोण म्हातारं एकटं झोपतं ते माहीत असायचं. पण हे सगळं आपोआप, निव्वळ प्रेमापोटी झालं असं समजू नका. वॉर्डनची व्यवस्था होती, आग विझवायला पहारा देण्याची सक्ती होती, डब्ल्यूव्हीएस नावाची बायकांची संघटना १९३८ लाच उभी केली होती. आणि जिथे सोय नव्हती तिथे लोकांनी भांडून घेतली. लंडनच्या भुयारी स्टेशनांत झोपायला सरकारने सुरुवातीला मनाई केली होती, लोक तिकिटं काढून आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत, शेवटी सरकारला तिथे बंक आणि कँटीनची सोय करावी लागली. १४ सप्टेंबर १९४० ला स्टेपनीचे कम्युनिस्ट कौन्सिलर फिल पिराटिन लंडनच्या गरीब ईस्ट एंडमधल्या साधारण पाऊणशे बायका-मुला-माणसांना घेऊन सरळ श्रीमंतांच्या सॅव्हॉय हॉटेलच्या तळघरातल्या ऐसपैस शेल्टरमध्ये जाऊन बसले. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे साधी भिंत नाही आणि इथे पलंग, गाद्या! हा प्रसंग ‘ब्लिट्झ स्पिरिट’च्या भाषणात कधी येत नाही, का ते सांगायला नको.

आणि काळी बाजू तर कुणी काढतच नाही. काळा बाजार होता. बॉम्बने पडलेल्या घरांतून चोऱ्या व्हायच्या, कोर्टात खटले चालायचे. मार्च १९४१ मध्ये लंडनच्या कॅफे द पारी या नाइटक्लबवर बॉम्ब पडला तेव्हा मेलेल्यांच्या बोटांतल्या अंगठ्या लोकांनी काढून नेल्याच्या हकिकती आहेत. रेशनला पैसेवाल्यांसाठी पळवाटही होती, रेस्टॉरंटमध्ये जेवायला कुपन लागायचं नाही, १९४२ मध्ये जेवणाला ५ शिलिंगची मर्यादा घातली तरी रोज ५ शिलिंग खर्च करणारे होतेच. आणि कुपन म्हणजे काही फुकट नाही, गोळ्यांचे पैसे द्यावेच लागायचे, म्हणजे ज्या घरात पैसेच नाहीत तिथे कुपन नुसतं कागद. तरी मी रेशनच्या बाजूने का बोलतोय? कारण अडीच वर्षं मोकळ्या बाजारात काय झालं ते समोर आहे. इतक्या भोकांसकट ते बरं होतं.

शहरातून गावात पाठवलेल्या मुलांचं बघा. युद्ध सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून तीनचार दिवसांत १५ लाखांच्या आसपास लोक, मुख्यतः शाळकरी मुलं, गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून रवाना झाली. गावच्या हॉलमध्ये त्यांना रांगेत उभं करायचे आणि घरमालकिणी येऊन निवडायच्या, मला ही चालेल, तो नको. नीटनेटकी मुलगी पटकन जायची, कामाला धडधाकट पोरगा शेतकरी न्यायचा, आणि दोन-तीन भावंडं हात धरून उभी असली की शेवटपर्यंत तशीच उभी. सरकार पहिल्या मुलामागे आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स द्यायचं, जास्त मुलं असली तर प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स. काही मुलांना तिथे जन्मभराची मावशी मिळाली, काहींच्या आठवणींत मात्र रेशनबुक यजमानीणबाईंकडे आणि त्यावरच्या गोळ्या यजमानीणबाईंच्या पोरांना, असा हिशेब आहे. जानेवारी १९४० पर्यंत जवळपास निम्मी मुलं घरी परत आली होती. तोवर बॉम्ब पडले नव्हते हे मुख्य कारण, पण बॉम्बची भीती असतानाही आयांना पोरं आपल्याजवळ बरी वाटली हेही आहेच की.

पण मला सगळ्यात जास्त बोचणारं प्रकरण इटालियन आइस्क्रीमवाल्यांचं आहे. गोळ्या आणि शेजारी दोन्ही विषय तिथे एकत्र येतात आणि तरी या गोड आठवणींत त्यांना फारशी जागा मिळत नाही. मँचेस्टरच्या अँकोट्समध्ये, लंडनच्या सोहो आणि क्लार्कनवेलमध्ये, लिव्हरपूलमध्ये इटालियन कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहत होती, आइस्क्रीमच्या गाड्या, मिठाईची दुकानं, छोटे कॅफे हा त्यांचा धंदा. गल्लीतल्या प्रत्येक पोराला आपला आइस्क्रीमवाला माहीत होता, त्याच्या मुलांबरोबर ती शाळेत जायची. १० जून १९४० ला संध्याकाळी मुसोलिनीने युद्ध पुकारल्याची बातमी आली आणि त्याच रात्री याच दुकानांच्या काचा फुटल्या. फोडणारे कोण? बर्लिनहून कुणी आलं नव्हतं, शेजारचेच होते, ज्यांनी परवापर्यंत त्याच काउंटरवर उभं राहून आइस्क्रीम खाल्लं होतं. काहींनी तर रातोरात दुकानावर ‘आम्ही ब्रिटिश आहोत, आमचा मुलगा ब्रिटिश फौजेत आहे’ अशा पाट्या लावल्या.

मग अटका सुरू झाल्या. १६ ते ७० वयाचे, ब्रिटनमध्ये २० वर्षांपेक्षा कमी राहिलेले इटालियन पुरुष उचलायचे असा नियम, आणि शिवाय संशयितांची एक यादी, जी कशी बनवली होती याबद्दल न बोललेलं बरं. चार हजारांच्या आसपास लोक आत गेले. त्यातल्या शेकडो जणांना कॅनडाला न्यायला लिव्हरपूलहून ‘अरांडोरा स्टार’ जहाज सुटलं आणि २ जुलै १९४० ला आयर्लंडजवळ जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. आठशेच्या वर माणसं मेली, त्यात चारशेच्या वर इटालियन. यातले कितीतरी जण कॅफेवाले, वेटर, आचारी, आइस्क्रीमवाले. ज्या गल्लीत लोक एकमेकांच्या केकसाठी साखर गोळा करत होते त्याच गल्लीत हे झालं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे इंग्लंडमध्येही चालतं. शेजारी कोणाला म्हणायचं हे जर एका संध्याकाळच्या रेडिओच्या बातमीने बदलत असेल तर ‘तेव्हाची माणसं वेगळी होती’ हे वाक्य अँकोट्समधल्या विधवेसमोर जाऊन म्हणून बघा.

आणि हे राज्य फक्त इंग्लंडचं नव्हतं, म्हणून आपला संबंध येतो. ब्रिटनमध्ये पोरांना डी आणि ई कुपनं मिळत होती, पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला रोज एक पाइंट दूध स्वस्तात किंवा फुकट, कॉडलिव्हर ऑइल, अमेरिकेहून आलेला संत्र्याचा रस, त्याच वेळी, १९४३ मध्ये, बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती. अंदाज २० ते ३० लाखांचा. मुंबईत मे १९४३ मध्येच रेशनिंग सुरू झालं आणि मुंबई बरीच तगली, कलकत्त्यात ते जानेवारी १९४४ च्या शेवटी आलं, आणि खेड्यांना तर वालीच नव्हता. ब्रिटनचे भारतमंत्री अमेरी आणि नंतर व्हाइसरॉय वेव्हेल लंडनकडे धान्याची जहाजं मागत राहिले, युद्ध मंत्रिमंडळ हात आखडून बसलं. अमर्त्य सेन तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते, दारात आलेल्या भुकेल्यांना सिगारेटच्या डब्यात मावेल एवढा तांदूळ द्यायची परवानगी आजोबांनी दिली होती असं त्यांनी सांगितलंय, एका घराला एकच डबा, म्हणजे जास्त जणांना पुरेल. पुढे त्यांनीच दाखवलं की प्रश्न नुसत्या धान्य कमी असण्याचा नव्हता, ते कुणाच्या हातात पोचतं त्याचा होता. टंचाईने माणसं चांगली होत असती तर १९४३ च्या बंगालइतकी चांगली जागा पृथ्वीवर दुसरी नसती.

आता एक नवीन मुद्दा हल्ली पुढे येतो, तो झटपट निपटवतो. २०२४ मध्ये ‘सायन्स’ या मासिकात एक अभ्यास आला, साखर रेशनवर असताना गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत असलेल्या ब्रिटिश मुलांना मोठेपणी टाइप २ डायबेटिसचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि ब्लडप्रेशरचा सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. रेशन उठल्यावर देशातला साखरेचा खप जवळपास दुप्पट झाला होता, त्यामुळे आधी आणि नंतर जन्मलेल्यांची तुलना करता आली. लगेच लोक म्हणाले, बघा, टंचाई तब्येतीला चांगली. अरे, पण टंचाई कुठे होती तिथे? आठवड्याला अर्ध्या पौंडाच्या आसपास साखर मिळत होती, लहान मुलांना तर मोठ्यांच्या साखरेपेक्षा दूध आणि रस जास्त महत्त्वाचे होते आणि ते मिळत होते. ज्याला पुरेसं आणि नेमकं दिलं गेलं त्या मुलाची तब्येत सुधारली, यात उपाशी राहण्याचं कौतुक कुठून आलं?

आणि ज्यांना वाटतं की ती माणसंच संयमी होती, त्यांच्यासाठी १९४९ आहे. २४ एप्रिल १९४९ ला सरकारने गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन उठवलं. युद्ध संपून चार वर्षं झाली होती, दहा वर्षं काटकसर करून मुरलेली हीच माणसं. दुकानं रिकामी झाली, रांगा लागल्या, ज्याला मिळालं त्याने भरून ठेवलं, आणि ऑगस्टमध्ये झक मारत रेशन परत आणावं लागलं, ते मग उठलं ५ फेब्रुवारी १९५३ ला, तेव्हा कुठे माल पुरेसा होता. त्या दिवशी पोरांनी पिगी बँका फोडल्या, टॉफी लावलेली सफरचंदं सगळ्यात जास्त खपली, क्लॅपहॅम कॉमनच्या एका कंपनीने ८०० शाळकरी मुलांना १५० पौंड वजनाचे लॉलीपॉप वाटले, आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली मोठी माणसंही रांगेत येऊन उभी राहिली. ‘थोडक्यात सुखी’ असणाऱ्यांपैकी एकही जण त्या रांगेतून मागे फिरल्याचं निदान माझ्या तरी वाचनात नाही.